मुंबईच्या उकाड्यात फिशटँक थंड कसा ठेवायचा

उन्हाळ्यात टाकीकडे आपलं लक्ष जातं ते दुपारी तीन वाजता. पण टाकी बघायची खरी वेळ पहाटेची. रात्री दिवा बंद झाला की पाण्यातल्या वनस्पतीही माशांबरोबर ऑक्सिजन वापरू लागतात, त्यामुळे तो सगळ्यात कमी असतो पहाटे. त्यात मे महिन्यात मुंबईची रात्रही २७-२८ अंशांखाली उतरत नाही. सकाळी सहाला सगळे मासे वर येऊन तोंडं उघडझाप करताना दिसले, तर टाकी अडचणीत आहे असं समजा. (फायटर आणि गुरामी एरवीही वर येऊन हवा घेतात, त्यांच्यावरून अंदाज बांधू नका.)

कारण साधं आहे. २० अंशांच्या एक लिटर पाण्यात साधारण ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळू शकतो, ३२ अंशांना तो सव्वासातच्या आसपास येतो. उलट पाणी तापलं की माशांच्या शरीराचा वेग वाढतो आणि त्यांना ऑक्सिजन जास्त लागतो. म्हणजे मागणी वाढते तेव्हाच पुरवठा आटतो. म्हणून तापमानाचा आकडा खाली आणण्याआधी माशांचा श्वास सांभाळायचा.

आधी मोजा

काचेला आतून चिकटणारा साधा थर्मामीटर घ्या. क्रॉफर्ड मार्केटजवळच्या माशांच्या दुकानांत किंवा तुमच्या स्टेशनबाहेरच्या दुकानातही मिळेल. तीन दिवस सकाळी, दुपारी चारला आणि झोपताना आकडा लिहून ठेवा. गप्पी, मॉली, एंजल, टेट्रा यांना २४ ते २८ अंश बरे. ३० पर्यंत बहुतेक मासे निभावतात, ३२ च्या वर गेलं की हालचाल करायलाच हवी. डिस्कसला मात्र २८-३० अंशच मानवतात, त्याच्या टाकीत बर्फाच्या बाटल्या सोडत बसू नका. गोल्डफिश मुळात थंड पाण्यातला मासा. मुंबईत तो घरोघरी दिसतो, पण उन्हाळ्यात सगळ्यात जास्त हाल त्याचेच होतात.

उष्णता आत येते कुठून, ते बघा

हिवाळ्यात लावलेला हीटर अजून टाकीत असेल तर प्लग काढा. त्याचा थर्मोस्टॅट अडकला तर तो भर मे महिन्यातही पाणी तापवत राहतो. पश्चिमेच्या खिडकीचं ऊन टाकीवर येत असेल तर जाड पडदा लावा. टाकी फ्रिजशेजारी असेल तर मधे जागा ठेवा. दिवा सहा तास पुरे, तोही संध्याकाळी. टाकीवरचं काचेचं झाकण काढा आणि त्याजागी मच्छरदाणीचं कापड ताणून बसवा. झाकण न ठेवता टाकी उघडी टाकली तर गप्पी आणि फायटर उडी मारून बाहेर पडतात.

एअर पंप चोवीस तास चालू ठेवा. आवाजामुळे रात्री तो बंद करणारी घरं मी पाहिली आहेत, आणि गरज नेमकी रात्रीच असते. पंपाखाली जुना नॅपकिन घडी करून ठेवला की आवाज बराच बसतो. फिल्टरचं तोंड असं वळवा की पाण्याचा पृष्ठभाग सतत हलता राहील.

पंखा

घरातल्या टाकीसाठी पंख्याइतका चांगला उपाय दुसरा नाही. एक लिटर पाणी वाफ होऊन उडताना इतकी उष्णता नेतं की, बाहेरून नवी उष्णता आलीच नाही असं धरलं तर, शंभर लिटर पाणी साडेपाच-सहा अंशांनी उतरेल. प्रत्यक्षात खोलीची उष्णता सतत आत येत असते, म्हणून दोन-तीन अंशांचा फरक पडतो. तेवढा पुरतो.

कॉम्प्युटरचा १२ व्होल्टचा छोटा पंखा टाकीच्या कडेवर तिरका बसवा, किंवा टेबल फॅन थोड्या अंतरावर ठेवा. वारा काचेवर नको, पाण्याच्या पृष्ठभागावर घासून गेला पाहिजे. पंखा पाण्यात पडणार नाही असा घट्ट बांधा. प्रत्येक वायरीला बोर्डाच्या खाली झोळ द्या, म्हणजे वायरीवरून ओघळलेलं पाणी सॉकेटमध्ये न जाता खाली ठिबकेल.

मुंबईत मात्र एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. मार्चमध्ये पूर्वेकडून कोरडे वारे येतात, समुद्राची झुळूक उशिरा सुटते आणि पारा चढतो. सांताक्रूझला २८ मार्च १९५६ रोजी ४१.७ अंश नोंदले गेले होते. पण ती हवा कोरडी असते, वाफ भराभर होते आणि पंखा उत्तम काम करतो. मे महिन्यात पारा ३४ वरच थांबतो, पण हवाच ओलीचिंब, वाफ होणार कशी? म्हणून मे महिन्यात पंखा बंद खोलीत लावू नका. समोरासमोरच्या खिडक्या उघड्या ठेवा, नाहीतर ओलावा खोलीतच साचतो. एसी असेल तर तो हवा कोरडीही करतो, पण २६-२७ वरच ठेवा. रात्री २२ आणि दिवसा ३२ अशी ये-जा माशांना उकाड्याहून जड जाते.

पंख्यामुळे पाणी रोज उतरतं. उडतं ते फक्त पाणी, क्षार मागेच राहतात. म्हणून नुसती भर घालत न राहता थोडं जुनं पाणीही काढा. तलावातून येणारं महापालिकेचं पाणी मृदू असतं, त्यामुळे फार बिघडत नाही. सोसायटीत बोअरिंगचं किंवा टँकरचं पाणी येत असेल तर हे काटेकोरपणे करा.

बर्फाची बाटली, शेवटचा उपाय

मुलुंडला शेवटच्या मजल्यावर राहत असताना मी एकदा घाबरून बर्फाचा अख्खा ट्रे टाकीत रिकामा केला. वर्षभर सांभाळलेले दोन गोल्डफिश संध्याकाळपर्यंत गेले. पाणी थंड झालं होतं, पण माशांना तो धक्का सोसला नाही. ही चूक मी कुणालाही करू देणार नाही.

हिशोब असा. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच टाकीत प्रत्यक्ष पाणी पन्नास लिटरच्या आसपास असतं. गोठवलेली एक लिटरची बाटली पूर्ण वितळून टाकीच्या पाण्याइतकी होईपर्यंत ते साधारण दोन अंश उतरतं. म्हणून अर्ध्या लिटरची बाटली घ्या, बाहेरून नीट धुवा, बूच घट्ट लावून तरंगत ठेवा. तासात एक अंशापेक्षा जास्त उतार दिसला की बाटली काढून घ्या. एकदा सुरू केलं की दुपारभर बाटल्या बदलत राहावं लागतं. दिवसभर घर बंद असेल तर या वाटेला जाऊच नका.

पाणी, खाणं आणि वीज

पाणी बदलायचं ते सकाळी. गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं दुपारचं पाणी हाताला चटका देतं. सकाळी बादली भरा, अँटीक्लोर (नळाच्या पाण्यातलं क्लोरीन घालवणारं औषध) घाला, बादली सावलीत ठेवा आणि दर दोन दिवसांनी दहा टक्के पाणी बदला. बादली झाकून ठेवा, नाहीतर डास अंडी घालतात.

खाणं निम्म्यावर आणा. उरलेलं खाणं उकाड्यात लवकर कुजतं, आणि गरम पाण्यात अमोनिया जास्त विषारी ठरतो.

बॅटरीवर चालणारा छोटा एअर पंप घरात असू द्या. वीज गेली आणि तो नसेल, तर मगने पाणी उचलून वीतभर उंचीवरून टाकीतच ओतत राहा, दर पंधरा मिनिटांनी दहा-बारा वेळा. फिल्टर काही तास बंद राहिला असेल तर सुरू करण्याआधी त्याचा स्पंज टाकीतूनच काढलेल्या बादलीभर पाण्यात पिळून घ्या, आतलं नासलेलं पाणी थेट टाकीत जाऊ देऊ नका.

साधारण ११ जूनच्या सुमारास पाऊस येतो. त्या आठवड्यात पाण्याचं तापमान एकदम उतरतं, तेव्हा आधी पंखा बंद करा आणि दोन दिवसांनी झाकण परत बसवा. पंखा माळ्यावर टाकू नका, ऑक्टोबरमध्ये तो पुन्हा लागेल.