बोट घेतलीय ना? मग या चुका टाळा (आमच्या सगळ्या करून झाल्यात)

बडोद्यात कोणाला सांगितलं की आमची बोट आहे, तर आधी लोक हसतातच. समुद्र नाही, गावात नदी आहे ती विश्वामित्री, आणि ती मगरींची. तरी आम्ही चौघांनी शेअरमध्ये घेतली, बारा फुटी फायबरची, मागे छोटं आउटबोर्ड, म्हणजे बाहेरून लावायचं इंजिन. ट्रेलर मेहुण्याच्या मांजलपूरच्या पार्किंगमध्ये उभा असतो आणि त्यावरून त्याच्या सोसायटीच्या प्रत्येक मीटिंगला एकदा तरी विषय निघतोच. चार मालक म्हणजे पेट्रोल कोणी भरायचं हे कधीच ठरत नाही, चालवायला मात्र चौघंही तयार. आजवा तलावाचं पाणी पिण्याचं, तिकडे आम्ही जात नाही. आमचं ठरलेलं ठिकाण चांदोद, नर्मदेवर, पन्नासेक किलोमीटर, रविवारी सकाळी सेव उसळ खाऊन निघायचं.

"आता एवढं आलोच आहोत तर..."

सगळ्यात मोठी चूक हीच, बाकीच्या हिच्या पोटातल्या. ट्रेलर ओढत एवढं लांब आलो, बायकापोरं डबे घेऊन आलीयत, आणि आता ढग बघून परत जायचं? जूनच्या पहिल्या आठवड्यात आम्ही असेच उभे होतो, हवा पूर्ण पडलेली, पान हलत नव्हतं, घाम नुसता. घाटावरचा एक म्हातारा नावाडी पश्चिमेकडे बघून म्हणाला, "साहेब, आजे रेवा दो." म्हणजे राहू द्या. आम्ही म्हटलं अहो काका, पाणी तर आरशासारखं आहे. वीस मिनिटांत धुळीची भिंत आली, वारा एकदम गार, आणि आम्ही मधोमध.

तर मान्सूनच्या आधीच्या वादळाची खूण ढगात कमी आणि वाऱ्यात जास्त दिसते. आधी उकाडा आणि सन्नाटा, मग अचानक गार झुळूक. ती गार झुळूक लागली की तुमच्याकडे काही मिनिटंच असतात, तेव्हा किनारा जवळ हवा. घरून निघताना मौसम अ‍ॅप आणि विजेसाठी दामिनी अ‍ॅप बघायचं, पण किनाऱ्यावर नावाडी नको म्हणाला तर अ‍ॅप बंद करून त्याचं ऐकायचं. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजा, तीन सेकंदांना साधारण एक किलोमीटर. मोजता येतंय म्हणजेच तुम्ही पाण्यावर नको होतात. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तरी परत पाण्यात जाऊ नका.

आणि नर्मदेची एक गंमत आहे, गंमत म्हणजे आपल्यासाठी नाही. प्रवाह पश्चिमेकडे, पावसाळी वारा पश्चिमेकडून. वारा प्रवाहाच्या समोरून आला की लाटा उंच नसल्या तरी उभ्या आणि जवळजवळ येतात, बोट एका लाटेवरून उतरते न उतरते तोच पुढची नाकावर. अशा वेळी लोक घाबरून स्पीड वाढवतात किंवा बोट आडवी करून वळवतात, दोन्ही चूक. स्पीड कमी, सगळे खाली बुडाशी बसलेले, लाट जरा तिरकी पुढच्या बाजूने घ्यायची, आणि वळायचंच असेल तर दोन-तीन लाटा जाऊ देऊन मधली शांत जागा बघून पटकन. एक हिशोब लक्षात ठेवा, वारा दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो.

शिवाय वर सरदार सरोवर आहे. तिथून पाणी सोडलं की चांदोदचा किनारा बदलतो, सकाळी बांधलेली बोट दुपारी वेगळ्याच ठिकाणी दिसते. सप्टेंबर २०२३ ला तर घाटावरच्या घरांत पाणी शिरलं होतं. पावसाळ्यात किती पाणी सोडतायत हे विचारल्याशिवाय बोट उतरवायचीच नाही.

इंजिन नेमकं वादळातच का बंद पडतं

नशीब वगैरे काही नाही. शांत पाण्यात टाकीच्या तळाला जो गाळ आणि पाणी बसलेलं असतं ते लाटांत घुसळलं जातं आणि फिल्टरमध्ये जाऊन बसतं. त्यात आता पेट्रोलमध्ये इथेनॉल, ते पाणी ओढून घेतं, चार महिने टाकीत पडून राहिलं की खाली पाण्याचा वेगळा थर. आम्ही दिवाळीचं पेट्रोल होळीला वापरलं होतं, मेकॅनिकने काचेच्या बाटलीत काढून दाखवलं तेव्हा चौघांची तोंडं बघण्यासारखी होती.

बंद पडलं तर आधी इंजिन चालू करायची दोरी ओढत बसू नका. आधी नांगर टाका, पुढच्या टोकाकडून, मागून कधीच नाही, मागून टाकला की लाट सरळ इंजिनावरून आत येते. दोर खोलीच्या पाच ते सात पट सोडा, कमी सोडला तर नांगर नुसता घसरतो. मग बघा, लाल किल-स्विचची क्लिप (ती निघाली की इंजिन बंद) जागेवर आहे का, टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडा आहे का, पाइपमधला रबरी फुगा दाबून कडक होतोय का. एवढं झाल्यावर स्पार्क प्लग. जूनच्या त्या दिवशी मेहुण्याच्या कोपराने क्लिप निघाली होती आणि आम्ही तिघं पाळीपाळीने दोरी ओढत होतो, माझ्या तळहाताला दोन फोड आले, आणि क्लिप सापडली ती त्याच्या बायकोला, "हे काय लाल लोंबतंय?" म्हणून. ती क्लिप चालवणाऱ्याच्या मनगटाला असायला हवी होती, त्यासाठीच ती असते.

चालू झाल्यावर इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याची मागून बारीक धार येतेय का बघा. नसेल तर प्लॅस्टिकची पिशवी अडकलीय, लगेच बंद करा नाहीतर इंजिन जळालं समजा.

लाइफ जॅकेट पिशवीत

यावर बडोद्यात लांबण लावायची गरज नाही. १८ जानेवारी २०२४ ला हरणी तलावात १२ पोरं आणि २ शिक्षिका गेल्या, बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसं आणि जॅकेट सगळ्यांना नव्हती. तिथे वादळ नव्हतं, तलाव होता. त्याआधी १९९३ ला शहरातल्याच सूरसागर तलावात बोट बुडाली होती. आमच्यात आता नियम आहे, पट्टे लावल्याशिवाय घाट सोडायचा नाही, आणि पाचवा माणूस कितीही जवळचा असला तरी पुढच्या फेरीला.

पुरात बोट काढणं

ही खास बडोद्याची चूक. ऑगस्ट २०२४ ला विश्वामित्री ३५ फुटांच्या वर गेली तेव्हा वर्षभर ट्रेलरवरून कटकट करणाऱ्या सोसायटीतूनच फोन, "भाऊ, बोट काढता का?" काढली. इंजिन लावून निघालो आणि दुसऱ्याच वळणावर पंख्यात केबल टीव्हीची वायर गुंडाळली गेली. पाण्याखाली बुडालेल्या अ‍ॅक्टिव्हा, कंपाउंडच्या भिंती, उघडी गटारं, वर लोंबणाऱ्या तारा, आणि मगर कुठे असेल ते तिलाच माहीत, त्यामुळे हात बाहेर सोडून बसायचं नाही. इंजिनाच्या लाटा लोकांच्या खिडक्यांतून आत जातात ते वेगळंच, एका आजींनी वरून चांगलंच सुनावलं. मग वल्ही काढली आणि दोन गल्ल्यांत दूध पोचवलं, बस. माणसं काढायचं काम एनडीआरएफवाल्यांवर सोडा.

खंभातच्या आखाताकडे जायची कोणी टूम काढली तर नाही म्हणा. कावी-कंबोईला स्तंभेश्वराचं लिंग भरतीत बुडतं ते बघायला आपण सगळे जातोच, तेच पाणी. भरती-ओहोटीतला फरक काही जागी दहा मीटरच्या वर, छोट्या बोटीचं तिथे काम नाही.

आणि बूच! बोटीच्या मागे खाली पाणी काढायचं भोक असतं, त्याचं बूच. आम्ही एकदा बूच न लावताच बोट उतरवली, गप्पा चालल्या होत्या, मुलगा म्हणाला बाबा माझे मोजे ओले झाले. तेव्हापासून ते बूच गाडीच्या किल्लीला दोरीने बांधलेलं असतं. आता मेहुणा ऑफिसला जातो तेव्हा लिफ्टमध्ये लोक विचारतात हे काय आहे म्हणून.