‘रिमोट लागत नाहीये’ असा फोन आला की

सपोर्टच्या कामात नव्याने आलेल्या माणसाच्या कानावर सगळ्यात जास्त पडणारं वाक्य हेच. इथे रिमोट म्हणजे विंडोजचा रिमोट डेस्कटॉप, दुसरीकडचा कॉम्प्युटर आपल्या स्क्रीनवरून चालवायची सोय. या वाक्यातून काहीच हाती लागत नाही, पण त्यात फोन करणाऱ्याचा दोष नाही. विंडोजचा संदेशही तितकाच मोघम असतो: समोरच्या कॉम्प्युटरवर रिमोट चालू नसेल, तो बंद असेल, नाहीतर नेटवर्कवर सापडत नसेल. तीन शक्यता एका दमात सांगून तो मोकळा होतो. मग नवीन मुलं हाताला येईल ते बदलत सुटतात. फायरवॉल (नेटवर्कवरची नको ती ये-जा अडवणारा पहारेकरी) बंद करतात, राउटर रीस्टार्ट करतात, व्हीपीएन (बाहेरून ऑफिसच्या नेटवर्कमध्ये नेणारी सुरक्षित वाट) काढून पुन्हा टाकतात. कधी त्यातलं काहीतरी लागू पडतं, पण नेमकं कशामुळे ते कळत नाही आणि आठवड्याभरात तोच फोन पुन्हा येतो. म्हणून माझ्या हाताखाली येणाऱ्या प्रत्येकाला मी आधी एवढंच सांगतो: काहीही बदलण्याआधी कनेक्शन कुठपर्यंत पोचलं ते ठरवा.

त्यासाठी पहिली गोष्ट म्हणजे स्क्रीनवरच्या संदेशाचा फोटो मागवा. तोंडी वर्णनावर विसंबू नका. ‘एरर आला’ एवढंच ऐकायला मिळतं, आणि एरर तर अनेक तऱ्हांचे. समोरचं मशीन सापडलंच नाही, हा एक प्रकार. मशीन सापडलं, पण त्याने आत घेतलं नाही, म्हणजे पासवर्ड चुकीचा किंवा या युजरला परवानगी नाही, हा दुसरा. आत गेलो, पण स्क्रीन काळी राहिली किंवा थोड्या वेळाने तुटलं, हा तिसरा. दुसऱ्या प्रकारात नेटवर्क तपासत बसणं म्हणजे वेळ वाया घालवणं, कारण ‘तुला परवानगी नाही’ असं उत्तर समोरून आलं याचाच अर्थ रस्ता नीट आहे. सर्टिफिकेटवर (समोरच्या मशीनच्या ओळखपत्रावर) विश्वास ठेवायचा का, असा पिवळा इशारा दिसला तरी तेच समजा. तो इशारा समोरच्या मशीनपर्यंत पोचल्याशिवाय येत नाही.

मशीन सापडतच नसेल तर खरी शोधाशोध सुरू होते. समोरचा कॉम्प्युटर झोपलेला तर नाही ना, हे आधी विचारा. स्लीपमध्ये गेलेलं मशीन हे इतकं नेहमीचं कारण आहे की ते विचारायला संकोच वाटू देऊ नका. मग त्याचा आयपी पत्ता (नेटवर्कवरचा त्याचा क्रमांक) बघा. १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसला, तर त्या मशीनला डीएचसीपीकडून (नेटवर्कवर आपोआप पत्ते वाटणाऱ्या सेवेकडून) पत्ताच मिळालेला नाही. केबल, स्विच किंवा वायफाय तपासा, रिमोटच्या सेटिंगला हात लावू नका. खासगी नेटवर्कमधला पत्ता १० ने, १९२.१६८ ने किंवा १७२.१६ ते १७२.३१ या पट्ट्यात सुरू होतो. नावाने लागत नाही पण आयपी टाकून लागतं, असं झालं तर गडबड डीएनएसमध्ये, म्हणजे नावावरून पत्ता शोधून देणाऱ्या सेवेत, आहे. मशीनचा पत्ता बदललेला असतो आणि जुनी नोंद तशीच राहिलेली असते.

पिंगबद्दल, म्हणजे मशीनला ‘आहेस का?’ असं विचारणाऱ्या छोट्या संदेशाबद्दल, एक सावधगिरी. पिंगला उत्तर आलं तर चांगलंच, पण आलं नाही म्हणून मशीन बंद आहे असं म्हणू नका. विंडोजचं फायरवॉल बहुतेकदा पिंग अडवतं आणि रिमोट मात्र व्यवस्थित चालू असतं. खरी चाचणी पोर्टची, म्हणजे मशीनवरच्या त्या सेवेच्या क्रमांक दिलेल्या दाराची. रिमोट डेस्कटॉप टीसीपी पोर्ट ३३८९ वर ऐकतं. पॉवरशेलमध्ये (विंडोजच्या कमांड टाइप करायच्या खिडकीत) ‘टेस्ट-नेटकनेक्शन’ ही कमांड मशीनचा पत्ता आणि पोर्ट देऊन चालवा. शेवटच्या ओळीत ‘ट्रू’ आलं की रस्ता मोकळा आहे, आता लक्ष लॉगिनकडे वळवा. ‘फॉल्स’ आलं, तर अडथळा वाटेत तरी आहे किंवा समोरच्या मशीनवर तरी. पुस्तकी नियम असा की उत्तर चटकन नाकारलं गेलं तर पोर्टवर कोणी ऐकत नाही, आणि बराच वेळ थांबून टाइमआउट झालं तर फायरवॉल अडवतंय. विंडोजच्या बाबतीत याच्यावर पूर्ण भिस्त ठेवू नका. त्याचं फायरवॉल बंद पोर्टवरून नकारही बाहेर जाऊ देत नाही, त्यामुळे दोन्ही परिस्थितीत बाहेरून शांतताच दिसते.

म्हणून समोरच्या मशीनपाशी कोणीतरी बसलेलं असणं मोलाचं. त्याला ‘नेटस्टॅट -an’ (मशीनवरची कनेक्शन आणि उघडी पोर्ट दाखवणारी कमांड) चालवायला सांगा आणि ३३८९ पुढे ‘लिसनिंग’ दिसतं का ते विचारा. दिसत नसेल तर रिमोट डेस्कटॉप सेटिंगमध्ये चालू आहे का ते पाहा. तो पर्यायच सापडत नसेल तर विंडोजची आवृत्ती बघा. होम आवृत्तीवरून दुसरीकडे जोडता येतं, पण होम आवृत्तीच्या मशीनमध्ये रिमोटने शिरता येत नाही. त्यासाठी प्रो, एंटरप्राइज किंवा एज्युकेशन लागते. ‘लिसनिंग’ दिसूनही बाहेरून लागत नसेल, तर फायरवॉलकडे वळा. राउटर बदलला की विंडोजला ते नवं नेटवर्क वाटतं आणि ते ‘पब्लिक’ म्हणून धरलं जातं. रिमोट डेस्कटॉपचा नियम फक्त ‘प्रायव्हेट’साठी चालू असेल, तर काल चालणारं कनेक्शन आज बंद पडतं आणि ‘आम्ही काहीच बदललं नाही’ असं लोक अगदी मनापासून सांगतात. उपाय म्हणजे नेटवर्कचा प्रकार दुरुस्त करणं. अख्खं फायरवॉल बंद करून ठेवू नका. काही अँटीव्हायरसचं स्वतःचं वेगळं फायरवॉल असतं, तेही नजरेखालून घाला. आणि दोन्ही मशीन एकाच वायफायवर असूनही एकमेकांना दिसत नसतील, तर ते गेस्ट नेटवर्क आहे का ते बघा. तिथे मशीनना मुद्दाम एकमेकांपासून वेगळं ठेवलेलं असतं.

व्हीपीएनवरून जोडणाऱ्यांची एक अडचण मला फार महत्त्वाची वाटते, कारण ती पहिल्यांदा पाहणारा हमखास चक्रावतो. व्हीपीएन ‘कनेक्टेड’ दाखवतं, सगळं हिरवं असतं, तरी ऑफिसचं मशीन सापडत नाही. घरच्या राउटरने १९२.१६८.१ हा पट्टा घेतलेला असतो आणि ऑफिसमध्येही तोच असतो. मग कॉम्प्युटरला वाटतं की १९२.१६८.१.२५ हे मशीन इथेच घरात आहे. तो व्हीपीएनच्या वाटेला जातच नाही. एका बाजूचा पट्टा बदलल्याशिवाय यातून नीट सुटका नाही, आणि घरच्या राउटरचा बदलणं सोपं असतं. नवं ऑफिस उभं करताना नेटवर्क तुमच्या हातात असेल, तर राउटरसोबत आलेला पट्टा तसाच ठेवू नका. १० च्या पट्ट्यातला एखादा कमी वापरला जाणारा तुकडा निवडा.

लॉगिन होतं पण स्क्रीन काळीच राहते, ही तक्रारही व्हीपीएनवर जास्त येते. इथे पाकिटाचा, म्हणजे नेटवर्कवरून जाणाऱ्या डेटाच्या एका तुकड्याचा, आकार तपासा. इथरनेटवर एका पाकिटाची मर्यादा सहसा १५०० बाइट असते, आणि व्हीपीएन त्यात स्वतःचे हेडर (वाटेसाठीची जादा माहिती) घालतं. लॉगिनची छोटी पाकिटं निघून जातात, चित्राची मोठी अडकतात. पाकिटाचे तुकडे करू नकोस असं सांगून १४७२ बाइटचा पिंग पाठवा. तो जात नसेल तर आकडा कमी करत जा आणि जो जाईल त्यात २८ मिळवून एमटीयू (पाकिटाची कमाल मर्यादा) ठरवा. मात्र त्या मशीनने पिंगला उत्तर देणं इथे गरजेचं आहे. जोडलेलं कनेक्शन मध्येच गोठत असेल, तर क्लायंटवर (जिथून जोडताय त्या मशीनवर) यूडीपी बंद करून बघा. टीसीपी आणि यूडीपी या डेटा पाठवायच्या दोन पद्धती; रिमोट डेस्कटॉप टीसीपीच्या जोडीने यूडीपीही वापरतं, आणि काही व्हीपीएनवर ते नीट चालत नाही. ग्रुप पॉलिसीमध्ये (विंडोजच्या अॅडमिनसाठीच्या सेटिंगमध्ये) त्यासाठी वेगळी सेटिंग आहे.

लॉगिनच्या अडचणी लवकर सुटतात. विंडोज हॅलोचा पिन इथे चालत नाही, खात्याचा पासवर्डच लागतो. पासवर्डच नसलेल्या खात्याला विंडोज मूळ सेटिंगमध्ये रिमोटने आत घेत नाही. अॅडमिन नसलेल्या युजरला ‘रिमोट डेस्कटॉप युजर्स’ या गटात टाकावं लागतं. ‘क्रेडएसएसपी’ (लॉगिनची माहिती समोर पोचवणारी पद्धत) हा शब्द संदेशात दिसला तर एका बाजूचे अपडेट राहिले आहेत असं समजा. २०१८ मध्ये मायक्रोसॉफ्टने त्यातली एक त्रुटी बंद केली, तेव्हापासून अपडेट झालेलं मशीन न झालेल्याशी जोडायला नकार देतं. दोन्ही बाजू अपडेट करा, सुरक्षा सैल करणारी सेटिंग कायमची लावून ठेवू नका.

काहीही करून आजच चालू करा असा दबाव आला, की राउटरवर ३३८९ पोर्ट थेट इंटरनेटला उघडून देण्याचा मोह होतो. कृपा करून ते करू नका. उघडं ३३८९ शोधत फिरणारे प्रोग्रॅम इंटरनेटवर अखंड चालू असतात. २०१९ मध्ये उघड झालेल्या ‘ब्लूकीप’ त्रुटीत तर जुन्या विंडोजमध्ये शिरायला पासवर्डचीही गरज नव्हती. व्हीपीएन दुरुस्त व्हायला संध्याकाळ झाली तरी चालेल, पण रस्ता तोच ठेवा.

आणि एकदा आत शिरलात की तिथल्या नेटवर्कच्या सेटिंगला जपून हात लावा. आयपी, फायरवॉल किंवा व्हीपीएनमधला बदल तुमचंच कनेक्शन तोडू शकतो, आणि मग तो बदल मागे घ्यायला आत जायची वाट उरत नाही. असा बदल करायचाच असेल तर मशीनजवळ माणूस आहे याची खात्री करून घ्या. काम संपल्यावर ‘शटडाउन’ दाबू नका, ‘साइन आउट’ करा.