आयुष्मान कार्ड हरवले की लगेच नवे काढायला धावू नका! या चुका टाळा

कार्ड पावसात भिजले, लॅमिनेशनच्या मशीनमध्ये वितळले किंवा एसटीत पाकिटासकट गेले, तरी तुमचे आरोग्य संरक्षण जिथे होते तिथेच आहे. आयुष्मान कार्डाची तुलना एटीएम कार्डाशी करू नका, सातबाऱ्याच्या उताऱ्याशी करा. उतारा फाटला म्हणून जमीन जात नाही, मूळ नोंद दप्तरात असते. इथेही तसेच आहे. कुटुंबाला वर्षाला मिळणारे ५ लाख रुपयांचे संरक्षण, त्यातली वापरलेली रक्कम, कुटुंबातली माणसे हे सगळे राष्ट्रीय आरोग्य प्राधिकरणाच्या प्रणालीत नोंदलेले असते. हातातला कागद त्या नोंदीची छापील प्रत आहे, आणि प्रत कितीही वेळा काढता येते. त्यासाठी पोलिसांत तक्रार लागत नाही, प्रतिज्ञापत्र लागत नाही, फीही लागत नाही.

कार्ड हरवल्याने फारसे बिघडत नाही. बिघडते ते हरवल्यानंतरच्या धावपळीत.

पहिली चूक: ‘नवीन कार्ड’ मागणे

सेवा केंद्रात जाऊन ‘कार्ड काढायचे आहे’ म्हटले की समोरचा माणूस नवीन नोंदणीच्या वाटेने जातो. आधीची नोंद आधार क्रमांकाने सापडली तर ठीक. नाही सापडली, म्हणजे चुकीचा जिल्हा निवडला किंवा नाव दुसऱ्याच शिधापत्रिकेवर निघाले, की एकाच माणसाची दुबार नोंद तयार होण्याची वेळ येते. दुबार किंवा संशयास्पद वाटणारी नोंद अडकते किंवा बंद होते, आणि चालू असलेले कार्डही लोंबकळते. म्हणून केंद्रात शब्द नेमके वापरा: ‘कार्ड आधीच मंजूर आहे, फक्त डाऊनलोड करून द्या.’

घरच्या घरी करायचे असेल तर बेनिफिशियरी डॉट एनएचए डॉट जीओव्ही डॉट इन हे संकेतस्थळ उघडा किंवा आयुष्मान ॲप घ्या. ‘बेनिफिशियरी’ निवडून मोबाइल क्रमांक आणि ओटीपी टाकून आत जा. मग योजना, राज्य आणि जिल्हा निवडून आधार क्रमांकाने शोधा. कुटुंबाची यादी येते आणि प्रत्येकाच्या नावासमोर कार्डाची स्थिती दिसते. मंजूर असेल तर डाऊनलोडच्या खुणेवर दाबा, आधारने ओळख पटवा, पीडीएफ उतरवून घ्या. नेट धड असेल तर दहा मिनिटांचे काम.

यादी आली की सगळ्यांचीच कार्डे उतरवून घ्या. कार्ड प्रत्येक माणसाचे वेगळे असते. घरातल्या कर्त्याचे कार्ड दाखवून मुलावर उपचार होत नाहीत, हे अनेकांना दवाखान्याच्या खिडकीवरच कळते.

‘नाव सापडत नाही’

याचा अर्थ कार्ड रद्द झाले असा बहुतेक वेळा नसतो. आधी राज्य तपासा. कार्ड कर्नाटकात किंवा उत्तर प्रदेशात निघाले असेल आणि आता राहणे पुण्यात असेल, तरी शोधताना राज्य कार्ड निघाले तेच निवडावे लागते. उपचार योजनेत असलेल्या कुठल्याही राज्यातल्या संलग्न रुग्णालयात मिळतात, पण नोंद मूळ राज्याच्या नावावर राहते. जिल्ह्याचेही तसेच: स्थलांतरितांनी आधी गावाकडचा जिल्हा निवडून बघावा.

दुसरे कारण शिधापत्रिका. महाराष्ट्रात तिचा बारा अंकी ऑनलाइन क्रमांक असतो. जुन्या पुस्तिकेवर शाईने लिहिलेला क्रमांक तो नव्हे, आणि तो टाकून शोधत बसलात तर काहीच निघणार नाही. बारा अंकी क्रमांक रेशन दुकानदाराकडे किंवा तहसीलच्या पुरवठा शाखेत कळतो.

लग्न झालेल्या मुलीचा घोळ सर्वांत जास्त. तिचे नाव माहेरच्या शिधापत्रिकेवर, आधारवर सासरचे आडनाव, आणि शोध चालू असतो सासरच्या कुटुंबात. अशा वेळी आधार क्रमांकाने शोधले तर ती माहेरच्या यादीत सापडते, आणि ते कार्ड तिचेच असते. सासरच्या कुटुंबात यायचे असेल तर आधी माहेरच्या शिधापत्रिकेतून नाव कमी करून दाखला घ्यायचा, मग सासरी नाव चढवायचे आणि त्यानंतरच आयुष्मानच्या नोंदीकडे वळायचे. हा क्रम उलटा केला की तीन कार्यालयांत तीन नावे होतात.

दोन ओटीपी, एक मोबाइल

लॉगिनचा ओटीपी तुम्ही टाकलेल्या मोबाइलवर येतो. तो मोबाइल शेजाऱ्याचा असला तरी चालतो. आधारचा ओटीपी मात्र आधारशी जोडलेल्या क्रमांकावरच जातो. दोन्ही सारखेच दिसतात, पाठोपाठ येतात, आणि घाईत पहिला दुसऱ्याच्या चौकटीत पडतो. ‘ओटीपी चुकीचा’ असा संदेश आला की आधी संदेश कुणाकडून आला ते वाचा. पुन्हा पुन्हा ‘रिसेंड’ दाबू नका, कारण नवा ओटीपी आला की जुना बाद होतो आणि उशिरा पोचलेला जुनाच टाकला जातो.

आधारला जोडलेले सिमच बंद पडले असेल तर हा ओटीपी मिळणार नाही. आधार केंद्रावर जाऊन क्रमांक बदलून घेता येतो. त्याची फी ऑक्टोबर २०२५ पासून ७५ रुपये आहे, पावती मागून घ्या. तोपर्यंत अडून राहायचे कारण नाही. अंगठा, डोळ्यांची बुबुळे किंवा चेहरा यांनीही ओळख पटवता येते. चेहऱ्यासाठी फोनमध्ये ‘आधार फेस आरडी’ हे ॲप लागते.

शेतात, वीटभट्टीवर किंवा धुण्याभांड्यात आयुष्य गेलेल्या हातांचे ठसे मशीन घेत नाही. तिथे अंगठा दाबून दाबून वेळ घालवू नका. हात धुऊन, कोरडे करून दुसरी बोटे लावून पाहा, नाहीतर सरळ चेहऱ्याचा पर्याय घ्या. ठसे स्वच्छ असूनही नाकारले जात असतील तर आधारचे बायोमेट्रिक कुलूपबंद केले आहे का ते आधारच्या अधिकृत ॲपमध्ये बघा. कुणीतरी सुरक्षिततेसाठी ते लावलेले असते आणि मग विसरलेले असते.

नाव जुळत नाही: इथे घाई महागात पडते

शिधापत्रिकेवर ‘शिंदे सुनीता बाळू’, आधारवर ‘सुनीता बाळासाहेब शिंदे’. गावात सगळ्यांना ठाऊक असते की बाळू आणि बाळासाहेब एकच. संगणकाला ते ठाऊक नसते. तो नाव, जन्मवर्ष, लिंग यांची जुळणी करतो, आणि जुळणी कमी पडली तर अर्ज आपोआप मंजूर न होता तपासणीला जातो.

कार्डावरचा फोटो किंवा नाव चुकीचे असेल, किंवा आधार दुरुस्त झाल्यावर कार्डावरही बदल हवा असेल, तर पोर्टलवर ‘रिडू ई-केवायसी’, म्हणजे आधारने पुन्हा ओळख पटवण्याचा पर्याय आहे. तो गरज असेल तरच वापरा. निव्वळ हरवलेल्या कार्डाची प्रत हवी असताना हे बटण दाबले तर मंजूर असलेली नोंद पुन्हा तपासणीच्या रांगेत जाऊ शकते. आठवड्यावर शस्त्रक्रिया आली असताना हे नको. आणि करायचेच असेल तर आधी आधार दुरुस्त करून घ्या. कार्डावरचे नाव आणि फोटो आधारवरून येतात, त्यामुळे आधारातली चूक तशीच ठेवून दहा वेळा ई-केवायसी केली तरी दहाही वेळा तीच चूक छापून येईल.

स्थिती ‘रिजेक्टेड’ असेल तर कारण वाचून त्याच नोंदीवर पुन्हा कागद जोडा. ‘डिसेबल्ड’ दिसले तर पोर्टलवर खटपट करून उपयोग नाही. १४५५५ या आयुष्मानच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा किंवा संलग्न रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनीसाला, गाठा.

आभा म्हणजे आयुष्मान नव्हे

हरवलेल्या कार्डाच्या बदल्यात फोनवर आभा कार्ड काढून निर्धास्त होणारे बरेच आहेत. आभा क्रमांक १४ अंकी असतो. तो तुमचे रिपोर्ट आणि चिठ्ठ्या जोडण्यासाठी आहे, कुणालाही मिळतो आणि त्यावर एक रुपयाचेही संरक्षण नाही. उपचारांसाठी लागतो तो पीएमजेएवाय आयडी, म्हणजे आयुष्मान योजनेतला तुमचा क्रमांक, ज्यात अक्षरे आणि अंक दोन्ही असतात. अनेक नव्या कार्डांवर दोन्ही क्रमांक छापलेले असल्याने गोंधळ वाढतो. पीएमजेएवाय आयडी वहीत लिहून ठेवा, शून्य आणि ‘ओ’ यांत फरक दिसेल असा.

सत्तरी ओलांडलेल्यांची गोष्ट जरा वेगळी. त्यांच्यासाठी २९ ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान वय वंदना कार्ड आहे. उत्पन्नाची अट नाही, वय आधारवरून धरले जाते. जुने कुटुंबाचे कार्ड हरवलेल्या आजी-आजोबांनी त्याच्या प्रतीवर न थांबता हे कार्डही काढावे, कारण आधीच योजनेत असलेल्या कुटुंबातल्या ज्येष्ठांना त्यावर ५ लाखांचे वेगळे संरक्षण मिळते. इथे नवीन नोंदणी करणे ही चूक नाही.

लिंक, एजंट आणि छपाई

‘तुमचे आयुष्मान कार्ड बंद झाले आहे, चालू करण्यासाठी ही फाइल टाका’ असा व्हॉट्सॲप संदेश आणि सोबत एपीके फाइल आली तर ती उघडू नका. ती फोनमधले ओटीपी वाचते, आणि रिकामे होते ते बँक खाते. ॲप प्ले स्टोअरवरून घ्या आणि खाली प्रकाशक म्हणून राष्ट्रीय आरोग्य प्राधिकरणाचे नाव आहे ना ते पाहा. ‘पाचशे द्या, लगेच मंजूर करून देतो’ म्हणणाऱ्याच्या हातात मंजुरी नसतेच.

प्लॅस्टिकच्या कार्डाचा अट्टहास नको. साध्या कागदावरची काळी-पांढरी प्रत चालते, फक्त क्यूआर कोड स्पष्ट हवा. घडी त्यावरून जाऊ देऊ नका. फोटोचा फोटो काढून छापलेली प्रत हमखास धूसर येते, छपाई मूळ पीडीएफवरूनच करा.

रुग्ण दाखल आहे आणि कार्ड नाही

खरी कसोटी इथे. नातेवाईक कार्ड शोधायला गावाकडे पळतात, इकडे अनामत भरली जाते, ऑपरेशन होते, आणि दोन दिवसांनी कार्ड घेऊन माणूस परत येतो. तोवर उशीर झालेला असतो. ही योजना रोखरहित आहे. आधी बिल भरायचे आणि मग परतावा मागायचा, असा तिचा कारभार नाही. शिवाय ठरवून करायच्या शस्त्रक्रियेला पूर्वमंजुरी आधी लागते.

म्हणून दाखल होतानाच आरोग्यमित्राच्या खिडकीवर जा आणि रुग्ण योजनेतला आहे हे सांगा. आधार असेल तर तो तिथेच नोंद शोधू शकतो. महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान एकत्र चालतात. २०२३ च्या शासन निर्णयाने फुले योजनेची मर्यादा दीड लाखावरून ५ लाखांवर गेली आणि पांढऱ्या शिधापत्रिकाधारकांनाही ती खुली झाली. त्यामुळे आयुष्मान कार्ड हाताशी नसले तरी शिधापत्रिका आणि फोटो असलेले ओळखपत्र घेऊन विचारणा कराच. अपघात किंवा हृदयविकाराच्या झटक्यासारख्या तातडीच्या वेळी आरोग्यमित्रामार्फत फोनवरून तात्पुरती मंजुरी घेता येते. कागद नंतर द्यायचे, पण दिलेल्या मुदतीत आणि रुग्ण घरी सोडण्याआधी.

‘कार्ड नाही तर योजना नाही’ असे तोंडी सांगून पैसे मागितले, तर वाद घालण्यात वेळ दवडू नका. खिडकीजवळ उभे राहूनच १४५५५ किंवा फुले योजनेच्या १५५३८८ वर फोन लावा. रुग्णालयाचे नाव, रुग्णाचा आधार किंवा शिधापत्रिका क्रमांक आणि दाखल झाल्याची वेळ सांगा, तक्रार क्रमांक लिहून घ्या आणि तोच क्रमांक आरोग्यमित्राला दाखवा.