होस्टवरची ड्राइव्ह लिनक्स कंटेनरला कशी द्यावी

प्रॉक्समॉक्स हे एका यंत्रावर (होस्टवर) लिनक्सच्या वेगळ्या चौकटी (कंटेनर) चालवणारं सॉफ्टवेअर. त्यातल्या अनप्रिव्हिलेज्ड, म्हणजे होस्टवर रूटचे (सर्वाधिकारी यूजरचे) अधिकार नसलेल्या कंटेनरला होस्टची ड्राइव्ह दिली की फाइली दिसतात, पण लिहायला गेलं की ‘परमिशन डिनाइड’. यावर दोन सल्ले हमखास मिळतात: कंटेनर प्रिव्हिलेज्ड करा, नाहीतर फोल्डरला सीएचमॉड ७७७ द्या, म्हणजे सगळ्यांना वाचण्या-लिहिण्याची परवानगी. दोन्ही ऐकू नका. पहिल्यात कंटेनरचा रूट आणि होस्टचा रूट एकच होऊन बसतो. दुसऱ्यात होस्टवरच्या कुठल्याही प्रोसेसला तो डेटा पुसता येतो, शिवाय पुढे तयार होणाऱ्या फाइलींची मालकी चुकीची ती चुकीचीच राहते.

आधी ड्राइव्ह होस्टवर पक्की माउंट करा, म्हणजे एका रिकाम्या फोल्डरला जोडा. एफएसटॅबमध्ये (सुरू होताना काय माउंट करायचं त्याच्या यादीत) एसडीबी१ असलं नाव लिहू नका, ते रीबूटनंतर बदलू शकतं. यूयूआयडी (ड्राइव्हचा कायमचा ओळख क्रमांक) लिहा आणि सोबत नोफेल, म्हणजे ड्राइव्ह नसली तरी होस्ट सुरू होतो. माउंट करण्याआधी त्या रिकाम्या फोल्डरला सीएचएटीटीआर +आय ही ‘बदलू नका’ची खूण लावून ठेवा. एखाद्या दिवशी ड्राइव्ह माउंट झालीच नाही, तर कंटेनर त्या रिकाम्या फोल्डरमध्ये लिहीत सुटतो आणि होस्टची रूट डिस्क भरते. ही खूण लावली की रूटलासुद्धा तिथे लिहिता येत नाही.

मग होस्टच्या टर्मिनलवर, रूट म्हणून, पीसीटी सेट (कंटेनरची सेटिंग बदलणारी प्रॉक्समॉक्सची कमांड) चालवा: कंटेनरचा क्रमांक, एमपी० (पहिला माउंट पॉइंट) हा पर्याय, होस्टवरचा पाथ, स्वल्पविराम, आणि एमपी= पुढे आतला पाथ. कंटेनर रीस्टार्ट करा. त्या फोल्डरखाली आणखी एखादी ड्राइव्ह किंवा झेडएफएस या फाइल सिस्टिमचा वेगळा डेटासेट माउंट असेल तर आत तिथे रिकामं फोल्डर दिसेल. त्याला स्वतंत्र एमपी१ द्या.

आता मालकी. सगळा घोळ इथेच होतो, आणि तो निव्वळ बेरजेचा आहे. अनप्रिव्हिलेज्ड कंटेनरमधल्या प्रत्येक यूजर क्रमांकात होस्ट १००००० मिळवतो. आतला रूट म्हणजे ० हा बाहेर १०००००, आतला १००० हा बाहेर १०१०००. होस्टवर फाइलीचा मालक १००० असेल, तर तो क्रमांक कंटेनरच्या हिशेबातच नाही. म्हणून आत ‘नोबडी’, म्हणजे ६५५३४ दिसतो. तपासताना नेहमी एलएस -एलएन वापरा, ते मालकाचं नाव न दाखवता क्रमांक दाखवतं. नावं फसवतात: होस्टवर आणि आत एकाच नावाच्या यूजरचे क्रमांक वेगळे असू शकतात.

तेव्हा सर्व्हिस आत कोणत्या यूजरखाली चालते ते बघा, आयडी कमांडने क्रमांक काढा, १००००० मिळवा आणि होस्टवर त्या क्रमांकाने सीएचओन -आर करा, म्हणजे फोल्डर आणि आतल्या सगळ्या फाइलींची मालकी बदला. डेबियनमधल्या डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटाचा क्रमांक ३३, म्हणजे बाहेर १०००३३. ग्रुपचा हिशेबही तसाच, आणि लोक विसरतात तो नेमका हाच. दोन कंटेनरना एकच फोल्डर हवं असेल तर दोन्हींत समान क्रमांकाचा ग्रुप करा, फोल्डर त्या ग्रुपच्या मालकीचं करा आणि सीएचमॉड २७७५ द्या. तो २ असला की नव्या फाइलींना आपोआप तोच ग्रुप लागतो. सर्व्हिसचा यूमास्क (नव्या फाइलींतून कोणत्या परवानग्या वगळायच्या तो आकडा) मात्र ००२ ठेवा, नाहीतर ग्रुपला लिहिण्याची परवानगीच मिळणार नाही.

एनटीएफएस किंवा एक्सफॅट (विंडोजच्या पद्धतीच्या) ड्राइव्हवर सीएचओन करत बसू नका. तिथे मालकी माउंट करतानाच ठरवा: एफएसटॅबच्या पर्यायांत यूआयडी=१०१०००, जीआयडी=१०१००० आणि यूमास्क=००२.

आयडीमॅपच्या, म्हणजे आतले-बाहेरचे क्रमांक स्वतः जुळवण्याच्या, वाटेला फक्त एकाच कारणासाठी जा: होस्टवरचा यूजर १००० आणि आतला १००० यांना एकाच मालकीच्या फाइली हव्या असतील तर. कंटेनरच्या कॉन्फिगमध्ये एलएक्ससी.आयडीमॅपच्या तीन ओळी यू (यूजर) साठी आणि तशाच तीन जी (ग्रुप) साठी लागतात. आकडे असे: ० १००००० १०००, मग १००० १००० १, मग १००१ १०१००१ ६४५३५. प्रत्येक ओळीतला शेवटचा आकडा म्हणजे किती क्रमांक, आणि तिन्हींची बेरीज ६५५३६ यायलाच हवी. कोणते क्रमांक वापरू द्यायचे ते ठरवणाऱ्या, होस्टच्या सबयूआयडी आणि सबजीआयडी या दोन्ही फाइलींत रूट:१०००:१ ही ओळ वाढवा. ती विसरलात तर कंटेनर सुरूच होत नाही.

हे केल्यावर आतल्या यूजर १००० चं होम फोल्डर अचानक ‘नोबडी’चं झालेलं दिसेल. डेटा गेलेला नसतो. त्या फाइलींवर अजून जुना १०१००० आहे आणि नव्या मॅपमध्ये तो क्रमांकच उरलेला नाही. कंटेनर बंद करा, पीसीटी माउंट करा, आणि त्याच्या रूटएफएसमध्ये (कंटेनरच्या मूळ फोल्डरमध्ये) सीएचओनला --फ्रॉम=१०१०००:१०१००० देऊन तेवढ्याच फाइली १०००:१००० करा. --फ्रॉम न देता सरसकट सीएचओन केलंत तर सगळ्या सिस्टिम फाइलींची मालकी बिघडेल. झालं की पीसीटी अनमाउंट.

चाचणी रूटने घेऊ नका. सर्व्हिसच्या यूजरनेच आत एक फाइल टच करा (रिकामी फाइल बनवा) आणि होस्टवर तिचा क्रमांक बघा. ज्या कंटेनरला फक्त वाचायचं आहे त्याच्या एमपी ओळीत आरओ=१ घाला. आणि प्रॉक्समॉक्सचा बॅकअप अशा रीतीने दिलेल्या फोल्डरमधला डेटा घेत नाही, त्या ड्राइव्हचा बॅकअप होस्टवरून वेगळा लावा.