आंबेनळी घाट सायकलने उतरायचाय? आदल्या दिवशी हे बघून घ्या

महाबळेश्वरहून पोलादपूरला उतरायच्या आदल्या संध्याकाळी सायकल उलटी करा आणि आधी ब्रेक बघा, बॅग नंतर भरा. सुमारे १,३५० मीटर उंचीवरून चाळीसेक किलोमीटरमध्ये कोकणात पोहोचायचं आहे. पायांना काम कमी, ब्रेकला आणि मनगटांना जास्त. रिम-ब्रेक असतील तर रबर काढून हातात घ्या. त्यावरच्या खाचा बुजल्या असतील तर सरळ नवे टाका. खाचा शाबूत असल्या तरी रबरात रुतलेली वाळू आणि रिमची चमकणारी कणी टाचणीने उकरून काढा. उतारावर तीच कणी रिम खरवडत राहते. मूठ पूर्ण दाबल्यावर हॅण्डलला टेकत असेल तर केबल ताणून घ्या. डिस्क-ब्रेक असतील तर पॅडची जाडी बघा, आणि चेनला तेल घालताना डिस्कवर थेंब उडू देऊ नका. हायड्रॉलिक ब्रेकची मूठ मऊ लागत असेल तर त्यातली हवा गावातल्या दुकानातूनच काढून निघा, वर डोंगरात ते काम कोण करून देणार?

टायरवर लिहिलेल्या कमाल आकड्यापर्यंत हवा भरू नका. ब्रेक सतत दाबून ठेवला की रिम तापते आणि त्या उष्णतेने ट्यूब फुटू शकते. वळणाच्या आधी वेग तोडायचा आणि वळणात ब्रेक मोकळा सोडायचा, ही सवय घराजवळच्या एखाद्या उतारावर आधीच करून घ्या. घाटात शिकायला जागा नाही. दोन ट्यूब, टायर लिव्हर, पंप, ॲलन की आणि ब्रेक-रबरांचा एक जादा जोड एवढं हत्यार पुरे. सामान खाली आणि दोन्ही बाजूंना सारखं बांधा. लोंबणारा पट्टा स्पोकमध्ये गेला तर पुढचं सांगायला नको.

कपड्यांचं मात्र गणित दोन हवामानांचं आहे. डिसेंबर-जानेवारीत सकाळी वर बोटं बधिर होतात, आणि बधिर बोटांना ब्रेक किती दाबला गेला ते कळत नाही. म्हणून पूर्ण बोटांचे हातमोजे हवेतच. छातीवर शर्टाच्या आत वर्तमानपत्राची घडी घाला, वारं अडतं आणि खाली आल्यावर काढून टाकता येते. विंडचीटर पटकन उतरवता येईल असं घ्या, पोलादपुरात दुपारी घामाच्या धारा लागतात. डोळ्यांना पांढऱ्या काचेचा चष्मा, आणि दिवसाही मागे लाल दिवा. झाडीतल्या सावलीच्या वळणावर मागून येणाऱ्या गाडीला तोच आधी दिसतो.

पावसाळ्यात हा बेत नकोच. जुलै २०२१च्या अतिवृष्टीत या घाटात दरडी कोसळून रस्ता खचला होता. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम, तरीही निघण्याआधी रस्ता चालू आहे ना ते विचारून घ्या. चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, आणि कडेच्या खडीवर उतरू नये. याच घाटात २८ जुलै २०१८ रोजी बस दरीत जाऊन ३० माणसं गेली, तेव्हा फोटोसाठी थांबायचंच असेल तर वळण संपल्यावर, रुंद जागा बघून.

वाटेत कुंभरोशीला प्रतापगडाचा फाटा लागतो. नाश्ता तिथे करा. गड करायचा असेल तर तो चढ गार पडलेल्या पायांनी चढावा लागतो, त्यामुळे निदान अर्धा दिवस वेगळा राखा. माझं मत विचाराल तर गड आणि घाट एकाच दिवशी घाईत करू नयेत.

परतीचं आधी ठरवा. पोलादपूरला मुंबई-गोवा महामार्ग लागतो. महाडपर्यंत पुढे जायचं तर अवजड वाहतुकीची तयारी ठेवा. महाडला जवळचं रेल्वे स्टेशन वीर. सायकल गाडीत चढवायची असेल तर तिथे सामान घेतात का, ते आधी चौकशी करून पक्कं करा. एसटीच्या सगळ्या गाड्यांना आता टपावर कॅरिअर नसतं. त्यामुळे सोबत दोरी ठेवा, पुढचं चाक काढून बसवायचं घरी एकदा करून बघा, आणि टेम्पोवाल्याशी भाड्याचं बोलणं निघण्याआधीच उरकून टाका.