शेवंती वीतभर असतानाच कळी? या चुका टाळा

दर नोव्हेंबरात फोन सुरू होतात. "दादा, रोपं वीतभर हायत आणि कळी धरली, कुठलं टॉनिक मारू?" टॉनिक ठेवा बाजूला. आधी बल्बचा टायमर बघा.

शेवंती दिवस मोजत नाही, रात्र मोजते. सलग अंधार साधारण साडेदहा तासांच्या वर गेला की कट फ्लॉवरच्या, म्हणजे दांड्यासकट विकायच्या फुलांच्या, बहुतेक जाती वाढ सोडून कळीकडे वळतात. आपल्या सांगलीत जूनमधला सगळ्यांत मोठा दिवससुद्धा १३ तासांच्या जरासा वर, आणि सप्टेंबरनंतर तर रात्रच मोठी. म्हणून लागणीनंतर ३-४ आठवडे रात्री १० ते २ बल्ब लावायचे. रात्रीचे दोन तुकडे झाले की रोपाला ती लहान वाटते.

हे सगळं मला पहिल्या पिकालाही पाठ होतं. पण टायमर घेतला स्वस्तातला, चकतीवाला, सेल नसलेला. लाइट गेली की चकतीही थांबायची. आमच्याकडे तेव्हा रोज कधी तास, कधी दोन तास लाइट जायची. दहा-बारा दिवसांनी दुपारी जेवून पॉलिहाऊसमध्ये गेलो, तर भर उन्हात सगळे बल्ब चालू. वडील म्हणाले, "सूर्याला उजेड दाखवतोयस व्हय?" पुढच्या पंधरवड्यात शेंड्याशेंड्याला कळी. पुण्याच्या व्यापाऱ्याला लांब दांडा लागतो, माझा फूटभर. फुलं खुडून सुटी विकली, हाराच्या भावानं. आता टायमर डिजिटल आहे, सेलवर चालतो. तरी झोपायच्या आधी, अकराला, खिडकीतून एकदा बल्ब बघतो. बायको हसते, हसू दे.

दुसरी चूक याच्या उलट. कळी धरायला बल्ब बंद केले, रात्र मोठी करायला काळा कापड ओढला आणि त्याच पॉलिहाऊसच्या कोपऱ्यावर अंगणातला हॅलोजन रात्रभर जळतोय. मग चार बेड फुलतात आणि कोपऱ्यातला बेड नुसता पाल्यानं माजतो. भर दुपारी कापड ओढून आत पाच मिनिटं उभं राहा. डोळे सरावल्यावर हातातला पेपर वाचता आला तर कापड बदला. भोक दिसलं तर शिवा, चिकटपट्टी लावू नका, उन्हानं सुटते. कळीला रंग दिसेपर्यंत एकही संध्याकाळ चुकवायची नाही, लग्न असो की जत्रा. मी सहाला ओढतो, सकाळी सातला उघडतो. एप्रिल-मेमध्ये कापडाखाली भट्टी होते आणि उष्णतेनंही कळी रेंगाळते. तेव्हा बाहेर पूर्ण अंधार पडला की बाजूचा कापड वर करायचा, झुंजूमुंजू व्हायच्या आत परत खाली. कंटाळवाणं आहे. ज्याला ऊस लावून निवांत बसायची सवय आहे त्यानं शेवंतीच्या नादी लागू नये.

कळी दिसल्यावरही युरिया देणारे आहेत. पाला हिरवागार होतो, फूल मऊ पडतं, मावा कीड आयतीच येते. मी तेव्हा नत्र कमी करून ०:५२:३४ आणि मग १३:०:४५ या खतांवर (आकडे नत्र:स्फुरद:पालाशचे) जातो.

शेंडा खुडायचा तो लागणीनंतर दोन आठवड्यांनी, मुळं धरल्यावर, नखानं, खाली पाच-सहा पानं ठेवून. उशीर झाला की कात्री लागते. कात्री लागली म्हणजे उशीरच झाला.

फुलोऱ्यात वरून पाणी नको, करपा आणि तांबेरा दोन्ही रोग येतात.

कृष्णाकाठच्या काळ्या रानावर थेट बेड करू नका, मूळ सडतं. तांबडी माती, शेणखत आणि भाताचं तूस.

आणि कळी धरलेल्या झाडाचे शेंडे काढून रोपं करू नका. शेजाऱ्यानं फुकट दिले तरी.