बडोद्यात वाद्यवृंद चालवायचा तर

निव्वळ वाद्यवृंद चालवून बडोद्यात पोट भरत नाही, हे आधी पक्के धरून चाला. पोट भरते शिकवण्यावर. शाळांची स्नेहसंमेलने, दांडिया बाजारच्या बाजूचा गणेशोत्सव, एखाद्या संस्थेचा वार्षिक कार्यक्रम, एवढ्यात हात हलवायला मिळतो. तेव्हा तयारी दोन्हींची हवी.

शिक्षणाची वाट सरळ आहे. संगीतज्ञ मौलाबक्षांनी सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने १८८६ मध्ये सुरू केलेली गायनशाळा आज महाराजा सयाजीराव विद्यापीठाची परफॉर्मिंग आर्ट्स फॅकल्टी आहे, सूरसागर तलावासमोर. पदवी तिथे करता येते. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा बाहेरून देणाऱ्याला विशारद पूर्णपर्यंत ७ वर्षे लागतात. कॉलेजात शिकवायचे तर एम.ए. आणि नेट ही पात्रता परीक्षा. यासोबत स्टाफ नोटेशन, म्हणजे पाच रेषांवरची पाश्चात्त्य स्वरलिपी, शिकाच. पाश्चात्त्य संगीताच्या ग्रेड परीक्षांपैकी ग्रेड ५ च्या थिअरीत निरनिराळे क्लेफ (रेषांवर कोणता स्वर कुठे ते सांगणारी चिन्हे) आणि ट्रान्सपोझिशन (भाग दुसऱ्या पट्टीत लिहिणे) येते, तेवढे पुरते. इथल्या वृंदात निम्मे वादक सा-रे-ग अक्षरांची भातखंडे लिपी वाचतात, निम्मे स्टाफ, आणि दोघांची पाने तुम्हालाच लिहावी लागतात. दोन्ही पानांवर आवर्तनांचे (तालाच्या पूर्ण फेऱ्यांचे) क्रमांक एकच ठेवा. नाहीतर 'सतरावीपासून घ्या' म्हटल्यावर एक जण सतरावे आवर्तन काढतो, दुसरा सतरावा बार, म्हणजे स्टाफवरचा उभ्या रेषांमधला तुकडा.

सगळ्यात जास्त भांडणे सा ठरवताना होतात. सतारीला काळी एक (सी शार्प) सोयीची, पण पाश्चात्त्य पद्धतीने शिकलेल्या व्हायोलिनला तिथे एकही मोकळी तार कामाला येत नाही. व्हायोलिन जास्त असतील तर पांढरी दोन (डी) घ्यावी. मात्र सतारवाल्याला आदल्या दिवशी सांगा. तारा आयत्या वेळी चढवल्या तर तरफा, म्हणजे मुख्य तारांखालच्या आपोआप झंकारणाऱ्या तारा, बसत नाहीत, तारही तुटते. बी-फ्लॅट क्लॅरिनेटला त्याचा भाग एक पूर्ण स्वर वर लिहून द्यावा लागतो. हे विसरले की पहिल्याच सुरात कळते!

आणखी एक गोष्ट हार्मोनियमची. तिचा शुद्ध गंधार सतारीच्या गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट (अर्ध्या स्वराचे शंभर सेंट) चढा असतो. सगळा वृंद गंधारावर थांबला की हवेत खरखर ऐकू येते आणि दोष व्हायोलिनवर जातो. अशा जागी हार्मोनियमला सा-प वर ठेवा.

तालमीच्या खोलीत ३५ अंश, हॉलमध्ये एसी २३ वर. बासरी उतरते, पोलादी तारा चढतात, हवा कोरडी झाली की तबल्याची पुडीही चढते. एकाच वेळी दोन दिशांना, म्हणून घरून जुळवून आणण्यात अर्थ नाही. वाद्ये हॉलमध्ये किमान अर्धा तास आधी उघडून ठेवायची, मग जुळवायची. सतारवाल्यांना त्याहून आधी बोलवा, त्यांच्या तरफा ११ ते १३ असतात.

आता हात. मसीतखानी गत, म्हणजे सोळा मात्रांच्या तीनतालातली सतारीची विलंबित रचना, बाराव्या मात्रेवर उठते. वीस जणांनी ती एकदम उचलायला हवी असेल तर इशारा अकरावीवर द्यायचा, आणि तो लयीतच. बारावीवर हात पडला तर निम्मे लोक अर्धी मात्रा मागे येतात. विलंबितात मिनिटाला ४० मात्रा असतील तर एक मात्रा दीड सेकंदाची होते. हात स्थिर ठेवला की वादक अंदाज बांधू लागतात. अर्धी मात्रा मनगटाने दाखवत राहा. द्रुत तीनतालात उलट, प्रत्येक मात्रा मारत बसू नका, विभागाला एक ठोका पुरे. रूपक तालात सम, म्हणजे पहिली मात्रा, 'खाली'वर (टाळी न वाजणाऱ्या जागी) येते. ती हात खाली आणून दाखवायची की वर नेऊन, हे पहिल्या तालमीतच ठरवा.

तबला एका कडेला बसवू नका. दहा मीटर दूरच्या वादकाला ठेका सुमारे ३० मिलिसेकंद उशिरा ऐकू येतो. तो ऐकून वाजवतो आणि त्याचा आवाज परत यायला तेवढाच वेळ लागतो. लय तिथून मंदावते. तबला मध्ये, व्हायोलिन डावीकडे, सतार-सरोद पुढे.

शिकवणीतल्या मुलांनाच पुढे वृंदात घ्यायचे असेल तर पहिल्या वर्षापासून दोघा-तिघांना एकत्र वाजवायला लावा. एकटा शिकलेला मुलगा स्वतःची लय धरून धावतो, शेजारचा थांबला तरी थांबत नाही.

आणि वर्षाचे वेळापत्रक आखताना नवरात्राचे दिवस मोकळे सोडा. ढोलक, कीबोर्ड, ऑक्टोपॅड वाजवणारे सगळे गरब्यात असतात, आणि त्यांची कमाईही त्याच दिवसांतली. दसऱ्यानंतर दोन-तीन दिवस झोपू द्या, मग तालीम लावा.